खेळाच्या तासाला सूट

लंगडी या खेळात मला कधीच घेतलं नाही, कारण मी लंगडते.

कॉलेजच्या कट्ट्यावर हे वाक्य मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा सगळे हसले, मग एकेक जण गप्प होत गेला. पण त्यात अतिशयोक्ती काहीच नाही. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी शाळेत मुलींचे दोन खेळ ठरलेले, लंगडी आणि खो-खो. मी वेळेआधी जन्मले आणि माझ्या शरीराच्या उजव्या बाजूवर त्याचा परिणाम झाला. उजवी टाच नीट टेकत नाही, उजव्या हाताची मूठ पटकन उघडत नाही. याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात, आणि एकाच बाजूवर असेल तर हेमिप्लेजिया. सरकारी कागदावर मी दिव्यांग आहे, गावात मी 'ती लंगडी पोरगी' होते. मी चालते, जिने चढते, पळतेसुद्धा. पळताना फारशी छान दिसत नाही, एवढंच.

दर जूनमध्ये बाबा डॉक्टरांकडून एक चिठ्ठी आणायचे. 'सदर विद्यार्थिनीस शारीरिक शिक्षणाच्या तासातून सूट देण्यात यावी.' डॉक्टरांनी आपणहून कधी तसं सुचवलं नव्हतं. उलट फिजिओथेरपीच्या ताई म्हणायच्या, हिला जितकं पळवाल तितकं चांगलं. चिठ्ठी शाळाच मागायची. नव्या वह्या, नवा गणवेश आणि नवी चिठ्ठी, अशी आमची जूनची खरेदी असे.

सूट मिळालेल्या मुलीचं शाळा काय करते? आधी दप्तरं सांभाळायला बसवते. मग पाण्याच्या बाटल्या आणि चपला. सातवीत सरांनी मला बढती देऊन स्कोअरर केलं. मला ते काम आवडायचं आणि जमायचंही. खो-खोत कोण कितव्या मिनिटाला बाद झालं, कोणी पाटी ओलांडली, कोणाचा खो चुकला, सगळं माझ्या कागदावर असायचं. वाद झाला की मुलं माझ्याकडे धावत यायची. शंभर मीटरच्या शर्यतीला स्टॉपवॉच माझ्या डाव्या हातात असायचं. दहावीपर्यंत आमच्या तुकडीतल्या प्रत्येक मुलीची वेळ मी लिहिली. माझी वेळ कोणी लिहिली नाही. त्या तक्त्यात माझ्या नावाची ओळच नव्हती.

*

आमचे सर वाईट नव्हते. एकदा मी धीर करून विचारलं, "सर, मी पळू का?" त्यांनी खूप मायेने सांगितलं, "अगं, तुला यांच्याबरोबर पळवलं तर तुझ्यावरच अन्याय होईल. तू शेवटी येणार, पोरं हसणार."

हा न्याय-अन्यायाचा मुद्दा तेव्हापासून मी वेगवेगळ्या तोंडून ऐकत आले आहे. ऑफिसमध्ये जेवणाच्या टेबलावर पॅरालिम्पिकचा विषय निघाला की तो हमखास येतो. त्याच्या दोन बाजू असतात. सगळ्यांबरोबर खेळवलं तर त्या मुलावर अन्याय. वेगळं खेळवलं तर तो खरा खेळ नव्हे, ती सवलत. म्हणजे दोन्ही वाटा बंद, आणि मग राहते ती सूट.

पण मुळात खेळ चालतात कसे, ते बघा. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा गटांत होतात. मुलं आणि मुली वेगळे. किशोर गटाच्या कबड्डीला पोरांना काट्यावर उभं करून वजन बघतात. कुस्तीत पन्नास किलोच्या पोराला ऐंशी किलोच्या पोरासमोर कोणी उभं करत नाही, आणि कमी वजनाच्या गटात जिंकलेल्याला 'तुझी कुस्ती खरी नव्हे' असंही कोणी म्हणत नाही. वय, वजन, मुलगा-मुलगी या फरकांवर मेहनतीचा इलाज नाही, म्हणून ते आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्या गोष्टींवर झुंज लावायची, हीच तर रीत आहे. प्रत्येक मैदानावर वर्गवारी आधीपासूनच आहे. आमच्या शाळेने ती सगळ्यांसाठी केली होती, माझ्यासाठी तेवढी करायची राहिली होती.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला हॉस्टेलच्या खोलीत रात्री काहीतरी भलतंच शोधताना मला कळलं की माझ्यासाठीसुद्धा रकाना आहे. पॅरा अ‍ॅथलेटिक्समध्ये टी म्हणजे ट्रॅक, एफ म्हणजे फील्ड, आणि पुढचा आकडा अपंगत्वाचा. ११ ते १३ दृष्टीचे. २० बौद्धिक अपंगत्वाचा. ३१ ते ३८ सेरेब्रल पाल्सी आणि तशा प्रकारचे, त्यात ३५ पासून पुढचे उभं राहून धावणारे. ४० आणि ४१ कमी उंचीचे. ४५ ते ४७ हाताचे. पन्नाशीतले खुर्चीवरून खेळणारे. ६१ ते ६४ कृत्रिम पाय लावून धावणारे. त्या यादीत टी-३७ समोर लिहिलं होतं: शरीराच्या एका बाजूवर परिणाम. मी तो ओळीचा स्क्रीनशॉट काढून ठेवला. तोपर्यंत मी स्वतःला 'सगळ्यांपेक्षा हळू' समजत होते. 'टी-३७ मध्ये किती' हा प्रश्नच मला कोणी विचारला नव्हता.

हा आकडा नुसत्या सर्टिफिकेटवर मिळत नाही. आधी अपंगत्व यादीत बसतं का ते बघतात, मग ते त्या खेळावर परिणाम करण्याइतकं आहे का, आणि मग गट कोणता. तपासणारे खेळाडूला टेबलावर झोपवून स्नायू बघतात, मैदानावर धावताना बघतात. यात वाद होतात, चुका होतात. एकेका गटात खेळाडू कमी असले की दोन-तीन गट एकत्र खेळवतात, आणि मग एफ-३५ ची फेक आणि एफ-३६ ची फेक यांची तुलना करायची कशी, हा प्रश्न येतो. त्यासाठी रझा नावाची गुणपद्धत आहे. त्या-त्या गटातल्या आधीच्या कामगिऱ्यांवर एक वक्र बसवायचा आणि तुमची फेक त्यावर कुठे पडते त्याप्रमाणे गुण द्यायचे. मी हे वाचलं तेव्हा पहाटेपर्यंत जागून त्याचा छोटासा प्रोग्रॅम लिहिला होता.

२०१२ च्या लंडन पॅरालिम्पिकमध्ये महिलांच्या थाळीफेकीत नेमका हाच हिशोब चुकला. युक्रेनच्या मारिया पोमाझान हिच्या गळ्यात सुवर्णपदक पडलं, आणि नंतर लक्षात आलं की गुण काढताना चुकीचा डेटा वापरला गेला होता. नव्या हिशोबात सुवर्ण चीनच्या वू चिंगला गेलं. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या कोणाच्याही पोटात हे वाचून गोळा येईल. पण चूक झाली म्हणून कोणी महिलांची थाळीफेक बंद केली नाही. हिशोब दुरुस्त केला.

*

रकाना असणं आणि नसणं यात काय फरक पडतो, हे देवेंद्र झाझडिया यांच्या कारकिर्दीत स्वच्छ दिसतं. राजस्थानच्या चुरू जिल्ह्यातले झाझडिया आठ वर्षांचे असताना झाडावर चढताना विजेच्या तारेला चिकटले, त्यात डावा हात गेला. तरी शाळेत ते भाला फेकत राहिले. १९९७ मध्ये शाळेच्याच स्पर्धेत प्रशिक्षक आर. डी. सिंग यांनी त्यांना हेरलं. २००४ मध्ये अथेन्सला ६२.१५ मीटरचा विश्वविक्रम करून त्यांनी सुवर्ण जिंकलं. त्यानंतर २००८ ला आणि २०१२ ला त्यांच्या एफ-४६ गटाची भालाफेक पॅरालिम्पिकच्या कार्यक्रमातच नव्हती. तो रकाना परत आला २०१६ ला, रिओमध्ये. तोवर ते पस्तिशीत पोचले होते. त्यांनी ६३.९७ मीटर फेकून पुन्हा विश्वविक्रम केला, पुन्हा सुवर्ण.

लोक ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात, आणि जिद्द होतीच. पण मला त्यातली शाळेची स्पर्धा दिसते. त्या शाळेने त्यांना चिठ्ठी आणायला लावून दप्तरांपाशी बसवलं असतं, तर आर. डी. सिंग यांना दिसायला मैदानावर कोण असतं?

आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्याने पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर दिले. १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण त्यांनी जिंकलं. ते सैनिक होते, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाले, आणि त्याआधी लष्करात बॉक्सिंग करायचे. म्हणजे अपंगत्व आलं तेव्हा खेळ त्यांच्या अंगात मुरलेला होता. जन्मापासून अपंग असलेल्या पोराला खेळ कुठे भेटणार? बहुतेकांना एकाच ठिकाणी, शाळेच्या मैदानावर. आणि तिथूनच त्याला सूट मिळालेली असते.

२०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये भारताने २९ पदकं जिंकली. आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारी यांचं गोळाफेकीतलं सुवर्ण अवघ्या ६ सेंटिमीटरने हुकलं, १६.३२ मीटरवर त्यांना रौप्य मिळालं. उत्तर प्रदेशच्या प्रीती पालने टी-३५ गटात १०० मीटर १४.२१ सेकंदांत धावून कांस्य मिळवलं. तिचाही त्रास सेरेब्रल पाल्सीचाच. आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काकांनी तिचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'मनात आणलं तर काय अशक्य आहे!' त्यांचा हेतू चांगला होता. मला मात्र राहून राहून वाटत होतं की मनात आणण्याची जबाबदारी दहा वर्षांच्या पोरीवर टाकून आपण सगळे किती निवांत बसलो आहोत.

त्या रविवारी मैत्रिणीला घेऊन मी पुण्यात एका मैदानावर गेले. तिने मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. २३.४ सेकंद. दोन वेळा धावले, दुसऱ्यांदा २३.९. शाळेतल्या माझ्या तक्त्यात हा आकडा सगळ्यात खाली गेला असता. मला लहानपणी पळू दिलं असतं तर मी प्रीती पाल झाले असते, असं मुळीच नाही. आमच्या तुकडीतल्या ज्या मुली रोज पळायच्या, त्यांतलीही कोणी ऑलिम्पिकला गेली नाही. पण त्यांना बारा वर्षांच्या असताना आपापला आकडा माहीत होता, आणि पुढच्या वर्षी तो कमी करायचा होता. मला माझा आकडा अठ्ठाविसाव्या वर्षी कळला.

*

वेगळा गट ठेवला म्हणजे वेगळं मैदान, वेगळा दिवस, असाच अर्थ बऱ्याच जणांना वाटतो. त्यावर अमेरिकेतल्या एका शाळकरी मुलीने वीस वर्षांपूर्वी कोर्टात भांडून उत्तर मिळवलं. तात्याना मॅकफॅडन जन्मली लेनिनग्राडला, स्पायना बिफिडा घेऊन. तिचं बालपण अनाथालयात, हातांवर चालत गेलं. मग एका अमेरिकन बाईंनी तिला दत्तक घेतलं. पंधराव्या वर्षी, २००४ ला अथेन्समध्ये, तिने व्हीलचेअर शर्यतीत रौप्य आणि कांस्य जिंकलं. घरी परतून मेरीलँडमधल्या आपल्या हायस्कूलच्या संघात ती गेली, तेव्हा तिला सांगण्यात आलं की तू एकटीने धाव. बाकीच्यांची शर्यत थांबवायची, रिकाम्या ट्रॅकवर हिने फेरी मारायची, लोकांनी टाळ्या वाजवायच्या. कारण काय, तर खुर्ची शेजारी धावली तर इतरांना धोका.

तिने दावा लावला. नुकसानभरपाई मागितली नाही. गुण वेगळे मोजा, पण मला सगळ्यांबरोबर त्याच वेळी त्याच ट्रॅकवर धावू द्या, एवढंच मागणं. २००६ मध्ये न्यायाधीशांनी ते मान्य केलं. पुढे २००८ मध्ये मेरीलँडने शालेय खेळांत अपंग विद्यार्थ्यांना संधी देण्याचा कायदाच केला, आणि २०१३ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याने देशभरच्या शाळांना तशा सूचना दिल्या.

सगळं गोड गोड झालं असं नाही. त्याच २००६ च्या राज्य स्पर्धेत तिच्या संघातली एक मुलगी १६०० मीटर जिंकली आणि बाद ठरली, कारण शेजारी धावणाऱ्या तात्यानाने तिला वेग धरायला मदत केली असं पंचांचं म्हणणं पडलं. एकत्र धावायचं तर असे प्रश्न येणारच. त्यांची उत्तरं नियम लिहून मिळतात. मुलीला घरी बसवून मिळत नाहीत.

*

मी दहावी झाले तेव्हा आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम नव्हता. आता आहे. त्याचं सोळावं कलम सांगतं की सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांनी अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा, आणि शिक्षणाबरोबर खेळाच्या संधीही इतरांच्या बरोबरीने द्याव्यात. तिसावं कलम तर खेळांसाठीच आहे. म्हणजे खेळाच्या तासाला मैदानावर असणं हा आता त्या मुलाचा हक्क आहे. सूट मागायची की नाही ते मुलाने आणि आईबापांनी ठरवायचं, शाळेने लादायची नाही.

तरीही गेल्या वर्षी माझ्या मावसबहिणीचा फोन आला. "अगं, ह्याच्या शाळेने हमीपत्र मागितलंय. खेळात भाग घेणार नाही, घेतला आणि काही झालं तर शाळा जबाबदार नाही, असं. सही करू का?" तिचा मुलगा पाचवीत आहे. दोन्ही कानांना मशीन. वाऱ्यासारखा पळतो. अडचण एकच, घामाने मशीन खराब होतं म्हणून पळताना ते काढून ठेवावं लागतं, आणि मग त्याला शिट्टी ऐकू येत नाही. बाकीचे सुटतात, ते बघून हा सुटतो.

"ताई, सही करू नकोस, मी येते," म्हटलं.

शाळेतले सर माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे असतील. मी भांडायच्या तयारीने गेले होते, पण ते थकलेले दिसले. "मॅडम, एका तासाला सत्तर पोरं असतात आणि मी एकटा. त्यात निवडणुकीची कामं, शिष्यवृत्तीचे फॉर्म. ह्याला लागलं तर पालक माझ्याच नावाने ओरडणार. म्हणून आपलं लिहून घेतो." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि आज ह्याच्यासाठी नियम बदलला तर उद्या चार जण सर्टिफिकेट घेऊन येतील."

पहिल्या गोष्टीवर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सत्तर पोरांमागे एक शिक्षक ही त्यांची चूक नाही. दुसऱ्यावर मी एवढंच म्हटलं, "सर, वयाचे खोटे दाखले घेऊन पोरं चौदा वर्षांखाली खेळतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणून तो गट आपण बंद केला का?" ते हसले. गट काही बंद झाला नाही म्हणाले.

मग मी भाच्याची गोष्ट काढली. त्याला वेगळा गट नकोच होता. त्याला शिट्टी दिसायला हवी होती. कर्णबधिरांच्या स्पर्धांत धावपटूंना दिव्याच्या उजेडाने इशारा देतात, आणि शाळेत दिवा नसला तरी हात असतो. सरांनी खिशातून रुमाल काढला, वर धरला आणि झपकन खाली आणला. "असं?" असंच.

डिसेंबरमध्ये क्रीडा दिनाला सर सुरुवातीच्या रेषेच्या थोडं पुढे, सगळ्यांना दिसेल असे बाजूला उभे राहिले. तोंडात शिट्टी, हातात रुमाल. भाचा आठ जणांत सहावा आला. घरी येऊन रडला. ताईला वाटलं, आता म्हणेल की नाही खेळायचं. तर म्हणाला, पुढच्या वर्षी चांगले शूज घे. तो सहावा आला कारण पुढचे पाच जण त्याच्यापेक्षा जोरात पळाले. शिट्टीमुळे नव्हे.

*

रुमालाने सगळं सुटत नाही, हे मला माहीत आहे. माझं रुमालाने सुटलं नसतं. खुर्चीवरच्या मुलाला धुळीच्या मैदानात खुर्ची ढकलायलाच दम लागतो, आणि अनेक शाळांत वर्गातून मैदानापर्यंत जायला पायऱ्या आहेत. डोळ्यांनी न दिसणाऱ्या मुलीला धावायला सोबत धावणारी जोडीदार लागते, दोघींच्या हातात एक दोरी. हे करायला माणसं, पैसे, वेळ लागतो आणि तो एकट्या खेळाच्या सरांनी काढावा असं म्हणणं बरोबर नाही. तालुक्याच्या दहा शाळांत मिळून टी-३७ ची एखादीच मुलगी सापडेल, तिची शर्यत कोणाशी लावणार, हाही प्रश्न खराच.

पण त्या एकटीला सगळ्यांबरोबर त्याच रेषेवरून सोडता येतं. तिचा क्रमांक वेगळा लावता येतो. तिची वेळ लिहून ठेवता येते आणि पुढच्या वर्षीच्या वेळेशी ताडून बघता येते. दहा शाळांतल्या अशा मुलांच्या वेळा एका एक्सेल शीटमध्ये आल्या, तर तालुक्याला पहिल्यांदा कळेल की अशी मुलं किती आहेत आणि कोण किती पळतं. जिल्हा-राज्य पातळीवर खेळलेल्या मुलांना दहावी-बारावीला क्रीडा गुणांची सवलत मिळते. माझ्या वर्गातल्या दोघींना ती मिळाली. त्या वाटेची पहिली पायरी शाळेचं मैदान आहे, आणि त्या पायरीवर मुलाचं नाव लिहायला पैसे लागत नाहीत.

या जूनमध्ये ताईने मला शाळेचा नवा फॉर्म पाठवला. हमीपत्राचा परिच्छेद अजून आहे. 'विद्यार्थी खेळात भाग घेऊ शकतो का? होय / नाही' हा प्रश्नही तसाच. पण त्याच्याखाली पेनाने एक ओळ वाढवून मग झेरॉक्स काढलेली दिसते. अक्षर सरांचंच असावं. 'भाग घेण्यासाठी काय लागेल?' आणि पुढे दोन रिकाम्या रेघा.

ताईने त्यावर लिहिलं, 'रुमाल'.